लाइट हिरवी, मग नेट का नाही? राउटर-मोबाईलची लाइट कोणाच्या सांगण्यावरून लागते, समजून घ्या

गोंदिया : सेवा केंद्रासमोर रांग लागलेली असते. कुणाला सातबारा पाहिजे, कुणाला धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी करायची आहे, कुणाची केवायसी राहिली आहे. आतून आवाज येतो, "नेट नाही, उद्या या." रांगेतला एखादा खिडकीतून डोकावतो आणि म्हणतो, "भाऊ, डब्ब्याची लाइट तर हिरवी आहे ना!" देवरी असो की तिरोडा, सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत हा संवाद ओळखीचा आहे.

बरेचदा दोघंही खरं बोलत असतात. लाइट हिरवी असते आणि नेटही नसतं. कारण ती लाइट "नेट चालू आहे" असं सांगतच नसते. ती दुसरीच गोष्ट सांगत असते. मोबाईल, राउटर, कॉम्प्युटर यांच्यावरच्या बहुतेक लाइट वीज आली म्हणून आपोआप लागत नाहीत. आत बसलेला एक प्रोग्राम त्यांना "लाग" म्हणतो तेव्हा लागतात आणि "विझ" म्हणतो तेव्हा विझतात. तो प्रोग्राम कशावरून ठरवतो, हे कळलं तर आपली एखादी चक्कर वाचते, तक्रार नीट लिहिता येते आणि फसवणुकीपासूनही थोडं सावध राहता येतं.

लाइट दोन प्रकारच्या

घरातल्या स्विच बोर्डावर छोटा लाल इंडिकेटर असतो. लाइन आली की लागतो, लाइन गेली की विझतो. मधे कोणाचा हुकूम नाही. वायरमध्ये करंट आहे की नाही, एवढंच तो सांगतो. ही झाली थेट जोडलेली लाइट.

दुसरा प्रकार हुकमाच्या लाइटचा. मोबाईलवरची मेसेजची छोटी लाइट, राउटरच्या काही लाइट, कीबोर्डवरची कॅप्स लॉकची लाइट या सगळ्या याच प्रकारातल्या. वायर जोडलेली असते, करंटही तयार असतो, पण लाइट लावायची की नाही हे प्रोग्राम ठरवतो.

याचा पुरावा कोणत्याही कॉम्प्युटरवर मिळतो. कॅप्स लॉकचं बटण दाबा. लाइट लागली. आपल्याला वाटतं, बटण दाबलं म्हणून लागली. तसं नाही. कीबोर्ड फक्त कॉम्प्युटरला कळवतो की हे बटण दाबलं गेलं. कॉम्प्युटर त्याची नोंद घेतो आणि उलट कीबोर्डला सांगतो, "आता लाइट लाव." म्हणूनच कॉम्प्युटर पूर्ण अडकला, म्हणजे हँग झाला, की कॅप्स लॉक कितीही दाबा, लाइट बदलत नाही. उत्तर देणाराच झोपलेला असतो. जुने ऑपरेटर कॉम्प्युटर जिवंत आहे की नाही हे असंच बघतात.

कर्नल आणि ड्रायव्हर म्हणजे काय?

आपल्याकडं ड्रायव्हर म्हटलं की काळीपिवळीचा ड्रायव्हर आठवतो. इथला ड्रायव्हर म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा.

गावातल्या विजेचं उदाहरण घ्या. खांबावरचा दिवा बंद आहे म्हणून आपण डीपीत हात घालत नाही. वीज कार्यालयात कळवतो. तिथून लाइनमन येतो. कोणत्या खांबावर कोणती वायर आहे, कुठला फ्यूज काढायचा, हे त्याला ठाऊक असतं. मोबाईलमध्येही असंच आहे. एखाद्या ॲपला लाइट लावायची असली तरी ते थेट लाइटपर्यंत पोहोचू शकत नाही. त्याला अँड्रॉइडला विनंती करावी लागते. अँड्रॉइड ती विनंती खाली कर्नलकडे देतं. कर्नल म्हणजे यंत्राचं मुख्य कार्यालय. बॅटरी, मेमरी, स्क्रीन, सिमचा भाग, लाइट, या सगळ्यांवर त्याचाच ताबा असतो. आणि त्या कार्यालयातला लाइनमन म्हणजे ड्रायव्हर. या कंपनीच्या या मॉडेलमध्ये लाल लाइट कोणत्या पिनवर आहे, तिला किती करंट द्यायचा, हे त्याला माहीत असतं.

आपल्या अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात जो कर्नल आहे, त्याचं नाव लिनक्स. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानं १९९१ मध्ये तो लिहायला सुरुवात केली. आज अँड्रॉइड फोन, बरेचसे वायफाय राउटर आणि स्मार्ट टीव्ही लिनक्स कर्नलवरच चालतात.

पूर्वी लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राच्या लाइटसाठी वेगवेगळी जुळवाजुळव करावी लागायची. २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत रिचर्ड पर्डी यांनी केलेली लाइटची एकसारखी व्यवस्था आली. तेव्हापासून कोणत्याही कंपनीची लाइट असो, कर्नलला ती एकाच पद्धतीनं दिसते.

एक आकडा आणि एक कारण

ही पद्धत अगदी सोपी आहे. लिनक्समध्ये प्रत्येक लाइटचं एक फोल्डर तयार होतं. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, ब्राइटनेस, म्हणजे उजेड किती. इथं फक्त एक आकडा असतो. ० म्हणजे विझलेली. सगळ्यात मोठा आकडा किती हे त्या लाइटवर ठरतं. बऱ्याच ठिकाणी तो २५५ असतो. मधला आकडा दिला तर लाइट मंद लागते. मंद करण्याची नेहमीची युक्ती अशी की लाइट डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं चालू-बंद करायची. बंद राहण्याचा वेळ वाढवला की आपल्याला उजेड कमी वाटतो.

दुसरी, ट्रिगर, म्हणजे कारण. लाइट कशावरून लागावी, ते इथं ठरतं. काही कारणं कर्नलमध्ये तयारच असतात :

• टायमर : ठरावीक वेळ चालू, ठरावीक वेळ बंद. वेगळं काही सांगितलं नाही तर अर्धा सेकंद चालू आणि अर्धा सेकंद बंद.

• हार्टबीट : हृदयाच्या ठोक्यासारखी दोनदा लुकलुक, मग थोडा दम. यंत्रावर कामाचा भार वाढला की ठोके जलद पडतात.

• बॅटरी : चार्ज होत असताना एक लाइट, पूर्ण झाल्यावर दुसरी, किंवा चार्ज होताना लुकलुक आणि भरल्यावर स्थिर.

• नेटवर्क : वायर जोडली की लागते, माहिती जात-येत असली की लुकलुकते.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना एक नियम पाळावा लागतो. लाइटचा हुकूम आला की तिच्यापायी कर्नलला ताटकळत ठेवायचं नाही. लाइटची चिप सावकाश चालणारी असेल तर ते काम बाजूला टाकून मग करायचं. लाइट लावण्यात वेळ गेला म्हणून नेटचं काम थांबलं, असं व्हायला नको.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. नेटवर्कचं कारण लावलेली लाइट फक्त वायर जोडलेली आहे का आणि काही जात-येत आहे का, एवढंच बघते. काय जातंय, ते ती बघत नाही. पोती मोजणारा हमाल पोत्यात धान आहे की कोंडा हे उघडून बघत नाही, तसंच हे. कॉम्प्युटर सारखा "कोणी आहे का, कोणी आहे का" विचारत असेल आणि पलीकडून उत्तर येत नसेल, तरी लाइट लुकलुकतच राहते.

चार्जिंगची हिरवी लाइट म्हणजे बॅटरी फुल्ल?

नाही, दरवेळी नाही. ज्या फोनला चार्जिंगची छोटी लाइट असते, तिचा हिशोब अँड्रॉइडच्या मूळ प्रोग्राममध्ये उघड लिहिलेला आहे. बॅटरी ९० टक्के झाली की लाइट हिरवी. शंभराची वाट बघितली जात नाही. बॅटरी खूप कमी असेल आणि चार्जर लावलेला असेल तर स्थिर लाल. चार्जर नसेल तर लाल लुकलुक. मधल्या टप्प्यात नारिंगी. फोन बनवणारी कंपनी यात बदल करू शकते, म्हणून दोन फोनच्या लाइट वेगळं सांगतात.

म्हणजे रोवणीच्या दिवसांत सकाळी शेतावर निघताना हिरवी लाइट बघून फोन काढला, तर तो ९० टक्क्यांवरही असू शकतो. स्क्रीनवरचा आकडा बघणं बरं.

इथं एक फरक ध्यानात घ्या. किती टक्क्यांना हिरवी करायची हा निर्णय वरचा अँड्रॉइड घेतो. प्रत्यक्ष लाइट लावण्याचं काम खाली ड्रायव्हर करतो. ड्रायव्हरला बॅटरी भरली की नाही याच्याशी देणंघेणं नाही. त्याला आकडा आला, त्यानं लाइट लावली.

टॉर्चही याच हुकमावर

रात्री बांधावर जाताना, पाणी फिरवताना मोबाईलचा टॉर्च सगळेच वापरतात. सापाविंचवाच्या दिवसांत तर तो लागतोच. हा टॉर्चही लाइटच आहे आणि त्यालाही ड्रायव्हर आहे. एकाच लाइटला दोन कामं असतात : फोटोच्या वेळी क्षणभर जोरात चमकणं आणि टॉर्च म्हणून सतत पण कमी उजेडात जळणं.

जोराच्या चमकेला जास्त करंट लागतो. तो जास्त वेळ दिला तर लाइट जळू शकते. म्हणून ड्रायव्हरमध्ये दोन मर्यादा लिहून ठेवलेल्या असतात : करंट किती आणि किती वेळ. वेळ संपली की लाइट बंद. शिवाय चिप तापली, व्होल्टेज वाढलं किंवा शॉर्ट झालं, तर तशी खूण ड्रायव्हरला मिळते. म्हणून भर उन्हात तापलेला फोन किंवा बॅटरी शेवटच्या टक्क्यांवर असलेला फोन कधी कधी टॉर्च किंवा फ्लॅश लावायला नकार देतो. तेव्हा फोन बिघडला असं लगेच समजू नका. थंड होऊ द्या, चार्ज करा आणि मग बघा. रात्री शेतावर जायचं असेल तर मात्र फक्त मोबाईलच्या टॉर्चच्या भरवशावर राहू नका, सोबत साधी बॅटरी ठेवा.

अँड्रॉइड १३ पासून टॉर्चचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय आली आहे. पण ती तुमच्या फोनच्या ड्रायव्हरनं आणि चिपनं दिली असेल तरच चालते.

फायबरच्या डब्ब्यावरच्या लाइट कशा वाचायच्या?

गावागावांत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ पासून ती भारतनेट नावानं ओळखली जाते. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या, हा तिचा उद्देश. ग्रामपंचायतीत किंवा घरी जिथं फायबरची वायर येते, तिथं बहुतेक ठिकाणी ओएनटी नावाचा डब्बा असतो. फायबरमधून येणाऱ्या उजेडाचं तो नेटमध्ये रूपांतर करतो.

त्याच्यावर इंग्रजी अक्षरांत छोटी नावं लिहिलेली असतात. कंपनीनुसार रंग थोडे बदलतात, पण साधारण अर्थ असा :

• एकही लाइट नाही : डब्ब्याला वीजच नाही. अडॅप्टर, बोर्ड, बॅटरी बघा.

• एलओएस लाल, लुकलुकणारी : फायबरमधून उजेडच येत नाही. कुठं तरी केबल तुटली, दबली किंवा डब्ब्याच्या मागची पिन सैल झाली. इथं डब्बा दहा वेळा बंद-चालू करून फायदा नाही.

• एलओएस विझलेली, पॉन लुकलुकते : उजेड येतो आहे, पण पलीकडच्या मुख्य यंत्रानं या डब्ब्याला अजून ओळख दिलेली नाही. पाच-दहा मिनिटं थांबा. तसंच राहिलं तर तक्रार करा.

• एलओएस विझलेली, पॉन स्थिर : डब्ब्यापासून मुख्य यंत्रापर्यंतची लाइन ठीक आहे. अडचण त्याच्या पुढं आहे, किंवा खात्यात, किंवा आपल्या वायफायमध्ये.

• लॅन : डब्ब्यातून कॉम्प्युटरला गेलेली वायर जोडलेली आहे. एवढंच.

• वायफाय : डब्ब्याचा रेडिओ चालू आहे. एवढंच.

खिडकीतून दिसणारी हिरवी लाइट बरेचदा ही शेवटची असते. वायफाय म्हणजे डब्बा ते मोबाईल एवढाच रस्ता. डब्ब्याच्या पुढचा रस्ता तुटलेला असला तरी ती लाइट हिरवीच राहणार. घरासमोरचा रस्ता चांगला असला तरी पुढं नाल्यावरचा पूल वाहून गेला असेल तर गोंदियाला पोहोचता येत नाही, तसं आहे हे.

काही डब्ब्यांवर 'इंटरनेट' अशी वेगळी लाइटही असते. ती जास्त कामाची. पण तिच्यामागचा प्रोग्रामही बरेचदा कंपनीकडून पत्ता मिळाला की नाही एवढंच बघतो. त्याच्या पुढं कुठं बिघाड झाला तर तीसुद्धा हिरवी राहू शकते.

याच डब्ब्यावर दोन्ही प्रकारच्या लाइट शेजारी-शेजारी असतात. पॉवरची लाइट बहुधा थेट विजेवर. लॅनची लाइट बऱ्याच डब्ब्यांत नेटवर्कची चिप स्वतःच लावते, काहींत कर्नल लावतो. एलओएसचा निर्णय उजेड येतो की नाही हे मोजणाऱ्या भागाच्या सांगण्यावरून होतो. म्हणून बिघाड शोधताना सगळ्यात आधी एलओएस बघावी. ती लाल असेल तर बाकीच्या लाइट बघण्यात वेळ घालवू नका.

तक्रार करताना "नेट बंद आहे" एवढंच न सांगता "एलओएस लाल लुकलुकते आहे, सकाळी नऊपासून" असं सांगा. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की केबल जोडणारा माणूस पाठवायचा आहे, पासवर्ड बदलून उपयोग नाही. बाजूच्या गावच्या परिचालकालाही फोन करून विचारा. तिथंही एलओएस लाल असेल तर केबल दोन्ही गावांच्या आधी तुटलेली असण्याची शक्यता जास्त. मोबाईलवर डब्ब्याचा फोटो काढून तक्रारीला जोडला तर आणखी बरं.

सावधान : फायबरची पिन काढून तिच्या तोंडात डोळा लावून "उजेड येतो का" हे कधीही बघू नका. त्यातला उजेड डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लहान मुलांना त्या पिनेपासून दूर ठेवा.

कॅमेऱ्याची लाइट बंद, तरी कॅमेरा चालू?

लॅपटॉपच्या कॅमेऱ्याजवळ छोटी लाइट असते. कॅमेरा चालू असला की लागते. या लाइटवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवायचे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मॅथ्यू ब्रॉकर आणि स्टीफन चेकोवे यांनी दाखवून दिलं की ॲपलच्या २००८ च्या आधीच्या काही लॅपटॉपमध्ये लाइट न लागता कॅमेरा चालू करता येतो.

त्यात लाइट कॅमेऱ्याच्या चिपला मिळणाऱ्या "आराम कर" या खुणेशी जोडली होती. चिप आरामात असेल तेव्हा लाइट बंद, कामाला लागली की लाइट चालू. ऐकायला पक्कं वाटतं. पण कॅमेऱ्याच्या आतला छोटा प्रोग्राम बदलून त्यांनी चिपला ती खूण मानायचीच नाही, असं शिकवलं. मग खूण "आराम कर" म्हणत राहिली, लाइट बंद राहिली आणि चिप चित्र काढत राहिली. लाइट जर कॅमेऱ्याच्या विजेच्या वायरवरच असती, म्हणजे आपल्या बोर्डावरच्या इंडिकेटरसारखी, तर ही युक्ती चालली नसती.

आपल्या मोबाईलला तर कॅमेऱ्याची वेगळी लाइटच नसते. त्याऐवजी २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. एखादं ॲप कॅमेरा किंवा माइक वापरत असलं की ती दिसते. ही खरी लाइट नाही, स्क्रीनवर अँड्रॉइडनं काढलेलं चित्र आहे. वरून पडदा खाली ओढून त्या खुणेवर बोट लावलं की कोणतं ॲप वापरतंय ते नाव दिसतं. तुम्ही फोनवर बोलत नसताना, फोटो काढत नसताना ती खूण दिसली, तर नाव बघा. ओळखीचं नसेल तर ते ॲप काढून टाका.

पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. ही खूण फक्त कॅमेरा आणि माइकची आहे. कोणी "बँकेतून बोलतोय" सांगून तुम्हाला एखादं ॲप टाकायला लावलं आणि तुमची स्क्रीन त्याच्याकडे दिसू लागली, तर त्यासाठी ही हिरवी खूण लागत नाही. हिरवी खूण नाही म्हणजे कोणी बघत नाही, असं समजू नका. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप टाकूच नका. पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

अंगठ्याच्या मशीनची लाइट

आधारवर पैसे काढताना, रेशन घेताना आपण अंगठा लावतो. काचेच्या ज्या मशीनमधून लाल किंवा हिरवा उजेड येतो, तो उजेड खरं तर खूण नव्हे. आतला कॅमेरा बोटाच्या रेषांचा फोटो काढतो आणि त्या फोटोसाठी उजेड लागतो. बऱ्याच मशीनमध्ये प्रोग्रामनं "अंगठा घे" म्हटलं की ड्रायव्हर हा उजेड लावतो आणि फोटो झाला की विझवतो.

यातून आपल्या कामाची गोष्ट कळते. एकदा अंगठा लावून झाला आणि मशीन पुन्हा उजळली, म्हणजे प्रोग्रामनं पुन्हा अंगठा मागितला आहे. कधी बोट ओलं असतं, कष्टानं रेषा झिजलेल्या असतात, म्हणून खरंच पुन्हा घ्यावा लागतो. पण दरवेळी विचारा, "दादा, दुसऱ्यांदा कशासाठी?" स्क्रीन आपल्याकडं वळवून रक्कम बघा. पावती घ्या. बँकेचा मेसेज आला का ते बघा. आधारचा अंगठा नेहमी लागत नसेल तर आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतो आणि लागेल तेव्हा उघडता येतो.

वाचकांना पडणारे काही प्रश्न

प्रश्न : "मोबाईलच्या लाइटचा रंग बदला" असं सांगणारी ॲप टाकावीत का?
उत्तर : साध्या ॲपला कर्नलमधल्या लाइटच्या फोल्डरला हात लावायची परवानगीच नसते. अशी बरीच ॲप फक्त टॉर्च चमकवतात किंवा स्क्रीनच्या कडेला रंग दाखवतात. त्यासाठी ती तुमचे फोन नंबर, मेसेज वाचायची परवानगी मागत असतील तर टाकू नका.

प्रश्न : फोन "रूट" केला तर सगळ्या लाइट आपल्या हातात येतात म्हणे?
उत्तर : येऊ शकतात. पण रूट करणं म्हणजे डीपीची चावी कुणाच्याही हातात देणं. तुमच्यासोबत एखाद्या वाईट ॲपलाही सगळं मोकळं होतं. शिवाय बँकेची बरीच ॲप अशा फोनवर चालायला नकार देतात.

प्रश्न : माझ्या जुन्या फोनला मेसेजची लाइट होती, नव्याला का नाही?
उत्तर : स्क्रीन कडेपर्यंत गेल्यामुळं लाइटला जागा उरली नाही. आता तेच काम स्क्रीन करते.

प्रश्न : राउटरची लाइट रात्री डोळ्यांवर येते. बंद करता येते का?
उत्तर : काही राउटरच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते. नसेल तर कागद चिकटवा, पण हवा खेळायची भोकं झाकू नका. आणि एलओएस दिसू द्या, बिघाड झाला तर सर्वात आधी तीच बघायची आहे.

प्रश्न : लाइट ठीक, तरी नेट नाही. मग बिघाड नक्की कुठं आहे हे कसं बघायचं?
उत्तर : आधी मोबाईलचा डेटा बंद करून फक्त वायफायवर दोन-तीन वेगवेगळ्या साइट उघडून बघा. एकही उघडत नसेल तर बिघाड बहुधा लाइनमध्ये, खात्यात किंवा आपल्या वायफायमध्ये आहे. बाकी सगळ्या उघडतात आणि नोंदणीचीच साइट उघडत नसेल, तर बिघाड बहुधा त्या साइटच्या सर्व्हरवर आहे, पण कधी कधी नेट कंपनीच्या बाजूनंही असू शकतो. सर्व्हरच बंद असेल तर गावातला डब्बा बंद-चालू करून किंवा ऑपरेटरला बोलून काही होणार नाही. न उघडणाऱ्या पानाचा वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. नोंदणीची मुदत संपत आली असेल तर तो तुमच्या अर्जासोबत जोडता येईल.